‘द्विदल’ म्हणजे फक्त कडधान्य का?

खाडीकाठ: भातातल्या २,४-डी तणनाशकाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करतोय. ‘द्विदल तणांवर परिणामकारक’ असं लिहिलं, तर गावातले काका म्हणाले, “द्विदल म्हणजे कुळीथ, पावटा. त्यांचं तण कसलं?” काय लिहावं?

कुळीथपिठी: काका बरोबर आहेत. आमची आजी चातुर्मासात कार्तिक आला की द्विदल सोडायची, म्हणजे डाळी-कडधान्यं. कोकमही पुस्तकाप्रमाणे द्विदलच, पण आमसुलाची कढी चालायची.

बीजपत्र: ‘द्विबीजपत्री’ लिहा, म्हणजे ज्याच्या बीत दोन बीजपत्रं (रोपाची पहिली पानं) असतात ते. वनस्पतिशास्त्रात दल म्हणजे पाकळी, दलपुंज आठवा. ‘एकदल’ म्हटलं की एका पाकळीचं फूल डोळ्यांपुढे येतं.

वाडीवाला: ‘द्विबीजपत्री’ म्हणत शेतकरी दुकानात जाणार आहे का? दल म्हणजे फुटून वेगळा झालेला भाग; डाळ, दळणं त्यातूनच आलं. आणि काजूगर सुटला की बाजारात त्याला पाकळीच म्हणतात. ती पाकळी म्हणजेच तुमचं बीजपत्र!

खाडीकाठ: मग ‘रुंद पानांची तणं’ लिहू? शेतीच्या पत्रकांत तसंच असतं.

बीजपत्र: अळूचं पान केवढं रुंद, शिराही जाळीदार दिसतात, तरी अळू एकदल. केळ, हळद, सुरणही त्यातलेच. पानावरून जाल तर फसाल.

वाडीवाला: पानापेक्षा खोड बघा. माडावर चढायला पाडलेल्या खाचा वर्षानुवर्षं तशाच राहतात. आंब्याला कोयता लागला तर कडेनं साल वळत येते आणि जखम बुजते. साल नि लाकूड यांच्यामधला वाढता थर आंब्याला असतो, माडाला नसतो. म्हणून हापूसचं कलम बांधता येतं, माडाची रोपं नारळ रुजवूनच करावी लागतात.

कुळीथपिठी: माडाचं ते एक दल दिसतं कुठे पण?

वाडीवाला: रुजत घातलेला नारळ फोडा. आत पांढरा, गोडसर, भुसभुशीत गोळा असतो ना, तेच. खोबरं शोषून रोपाला पोसतं.

कुळीथपिठी: अगं बाई, तो मोड! त्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो.

बीजपत्र: मोड म्हणजे बाहेर पडलेला अंकुर, मटकीला येतो तो. आतल्या गोळ्याला मोड कसं म्हणणार?

कुळीथपिठी: आमच्याकडे सगळे म्हणतात, आणि मी म्हणणारच.

खाडीकाठ: पत्रक छापायला जायचंय हो. द्विदल ठेवू की रुंद पानं?

वाडीवाला: आमच्या घरी त्याला नारळाचं फूल म्हणतात.