10 वर्षांच्या मुलाचं वजन 49 किलो, योगा आणि खाण्यात बदल करून कमी होईल का? (कोल्हापूर)

राजारामपुरीतली_आई:
नमस्कार, कोल्हापुरातलं कुणी असेल तर प्लीज सांगा. मुलगा पाचवीत आहे, 10 वर्षं पूर्ण, उंची 138 सेंमी आणि वजन 49 किलो. शाळेत तपासणी झाली त्यात वजन जास्त असा शेरा आलाय. सासूबाई म्हणतात खात्यापित्या घरचं पोरगं आहे, उंची वाढली की आपोआप बारीक होतंय, आणि भाकरीवर लोण्याचा गोळा रोज असतोच. सकाळ-संध्याकाळ म्हशीचं दूध पावडर आणि साखर घालून, क्लासवरनं येताना वडा, रविवारी तांबडा-पांढरा. मागच्या महिन्यात मी चपात्या मोजून वाढायला लागले तर त्यानं दप्तरात बिस्किटाचे पुडे लपवले, सापडल्यावर तो पण रडला आणि मी पण. आधी गल्लीतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळायचा, ती जाड्या म्हणतात म्हणून आता जातच नाही. मान पण काळी पडलीय, उटणं लावून किती घासली तरी निघत नाही. योगाचा क्लास लावू का? आणि डाएट नेमका काय द्यायचा?

ओपीडीतली_सिस्टर:
ताई, आधी मान घासायचं थांबवा, तो मळ नाहीये. अंगात इन्सुलिन जास्त झालं की मानेवर आणि काखेत अशी मखमलीसारखी जाड काळी कातडी येते, डॉक्टर त्याला अॅकॅन्थोसिस म्हणतात आणि वजन उतरायला लागलं की ती हळूहळू फिकी पडते. त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती आहे तो आकडा, साधारण 25.7 येतोय, या वयाला हा लठ्ठपणातच मोडतो, त्यामुळं एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, बीपी, उपाशीपोटी साखर, लिव्हर एवढं तरी ते बघतील. आणि एक समजून घ्या, वाढत्या पोराचं वजन लगेच उतरवायच्या मागं लागायचं नसतं. या वयात उंची वर्षाला 5-6 सेंमी वाढते, वजन आहे तिथंच थांबलं आणि उंची 144 झाली तरी बीएमआय 23.6 वर येतो, म्हणजे सासूबाईंचं उंचीचं म्हणणं खोटं नाही, फक्त ते आपोआप होत नाही. उपाशी ठेवू नका. चपात्या मोजल्या की पोरं चोरून खातात, हे मी ओपीडीत सारखं ऐकते.

रंकाळ्यावरची_योगाताई:
मी लहान मुलांचे योगाचे वर्ग घेते तरी स्पष्ट सांगते, नुसत्या आसनांनी वजन उतरत नाही. पळण्यात आणि फुटबॉलमध्ये जेवढी ताकद खर्च होते तेवढी आसनांत होत नाही, मुलांना रोज तासभर दम लागेल असं खेळणं लागतंच. पण जे पोरगं लाजून मैदानावर जाईना झालंय त्याला योगा फार उपयोगी पडतो, कारण इथं कुणी हरत नाही, आणि दोन महिन्यांत त्याचं त्यालाच कळतं की आपण वाकू शकतो, तोल सांभाळू शकतो. मग ते परत खेळायला जातं, मी माझ्याकडच्या मुलांत हे बघितलंय. 3 सूर्यनमस्कारांनी सुरू करा, सावकाश, श्वास धरून न ठेवता, आणि मग हळूहळू 12 पर्यंत न्या. पुढं ताडासन, वृक्षासन, भुजंगासन, शेवटी पाच मिनिटं शवासन, सगळं रिकाम्या पोटी. कपालभाती घरच्या घरी व्हिडिओ बघून अजिबात करायला लावू नका. आणि त्याला एकट्याला चटईवर उभं करून तुम्ही मोबाईल घेऊन बसू नका, तुम्ही दोघांनी शेजारी चटया टाका.

दोन_पोरांची_आई_कसबा_बावडा:
आमच्या थोरलीचं हेच होतं. आम्ही तिचा डाएट असा केलाच नाही, अख्ख्या घराचं बदललं, नाहीतर पोरीच्या ताटात दोडका आणि बापाच्या ताटात भजी, असं कसं चालंल. दुधातली पावडर बंद, साखर बंद, साय काढून दूध एकदाच. डब्यात मोड आलेल्या मटकीची उसळ नाहीतर मेथी घातलेलं थालीपीठ. संध्याकाळी चारला पोट भरेल असं काहीतरी घरात तयारच ठेवायचं, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, पेरू, काकडी, कारण वडा खरंतर भुकेमुळं खाल्ला जातो. कोल्ड्रिंक तर घरात आणूच नका, 300 मिलीत 30 ग्रॅमच्या वर साखर असते आणि मुलांना अख्ख्या दिवसाला 25 ग्रॅमच्या आत पाहिजे. गुळाचं पण तेच, गूळ कोल्हापूरचा असला तरी शरीराला ती साखरच. रविवारचा रस्सा आम्ही सोडला नाही, फक्त वरचा तेलाचा कट काढून टाकतो आणि भाताऐवजी ज्वारीची भाकरी, सोबत भरपूर कांदा-काकडी. आणि जेवताना टीव्ही बंद, हे आम्हाला सगळ्यात अवघड गेलं.

पेठेतले_काका:
पोरी, तुझ्या सासूबाईंना माझा निरोप सांग. मी तालमीत वाढलोय. तूप, लोणी, थंडाई हा पैलवानाचा खुराक खरा, पण पैलवान पहाटे उठून शेकड्यानं जोर-बैठका काढतो, माती उकरतो, तवा ते जिरतंय. क्लास आणि मोबाईलवर बसणाऱ्या पोराला त्यो खुराक दिला तर जिरणार कुठं? आज्जीला म्हणावं लोणी राहू दे, रोज संध्याकाळी नातवाचा हात धरून रंकाळ्यावर चालत जा. आणि जाड्या म्हणणाऱ्या पोरांना कुणीतरी मोठ्या माणसानं एकदा शांतपणे समजावा, पोरं वाईट नसत्यात.

राजारामपुरीतली_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, मानेचं वाचून मी खूप वेळ गप्प बसले, किती घासलं असेल मी त्या लेकराला, काल रात्री त्याला जवळ घेऊन सॉरी म्हटलं. परवाची डॉक्टरांची वेळ घेतलीय. काका, तुमचा निरोप आज्जींना जसाच्या तसा वाचून दाखवला, काही बोलल्या नाहीत पण आज भाकरीवर लोणी नव्हतं, आणि संध्याकाळी त्याला चपला घाल म्हणाल्या. सकाळी आम्ही तिघांनी 3 सूर्यनमस्कार घातले. योगाताई, ताडासनात टाचा उचलल्या की त्याचा तोल जातोय, मग तो चिडतो, काय करू?

रंकाळ्यावरची_योगाताई:
भिंतीपासून वीतभर लांब उभा करा आणि बोटं भिंतीला टेकवू दे. टाचा थोड्याच उचलायच्या, नजर समोर एका खिळ्यावर. आठवड्यानं एक हात सोडायला सांगा.