मदत हवी आहे : सिगारेट-दारू-ड्रग्ज घेणाऱ्या दात्याचं फुफ्फुस स्वीकारावं का?

ताईला पल्मनरी फायब्रोसिस (फुफ्फुसांत व्रण होऊन ती कडक होत जाण्याचा आजार) आहे. प्रत्यारोपणाच्या वेटिंग लिस्टवर नाव आहे. ऑक्सिजन चोवीस तास, तरी बाथरूमला जाऊन आली की सॅच्युरेशन ८० च्या खाली. आता टीमने फॉर्म दिलाय: दाता सिगारेट ओढणारा, दारू पिणारा किंवा ओव्हरडोसने गेलेला असेल तर चालेल का? ताई सरळ म्हणाली, "मी कधी सिगारेटला हात लावला नाही, मला नकोत असली फुफ्फुसं." भावोजींनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. डॉक्टर भेटतात ते दहा मिनिटं, त्यात काय काय विचारू? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद :
आमच्या ह्यांचं प्रत्यारोपण झालंय, तेव्हा हाच फॉर्म आमच्याही पुढ्यात होता. ताईंचं बिचकणं अगदी साहजिक आहे, पण तुलना चुकतेय. समोर स्वच्छ फुफ्फुस ठेवलेलं नाही. समोर आहे ती वाट पाहणं. ब्रिटनमधल्या नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. धूम्रपान करणाऱ्यांची फुफ्फुसं मिळालेले रुग्ण पहिल्या तीन वर्षांत तुलनेने कमी जगले, हे खरं. पण ती नाकारून थांबण्यापेक्षा घेण्यात मृत्यूचा धोका कमी होता. तिथे दर पाचांतले जवळजवळ दोन दाते ओढणारेच होते!

'ओढणारा' म्हणजे किती, ते विचारा. रोज एक पाकीट, २० वर्षं, म्हणजे २० पॅक-इयर. जुन्या निकषांत मर्यादा तिथेच होती. सीटी आणि ब्राँकोस्कोपीत (श्वासनलिकेत कॅमेऱ्याची नळी घालून करायची तपासणी) काय दिसलं, हे त्याहून महत्त्वाचं.

ओव्हरडोसचं नाव ऐकून घाबरायला होतं, पण असे दाते बहुधा तरुण असतात. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत गेली का, हे ब्राँकोस्कोपीत बघतात. सुईमुळे हिपॅटायटिस सी, एचआयव्हीची भीती असते. त्यासाठी नॅट चाचणी (रक्तात विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी) करतात, तरी अगदी ताजा संसर्ग निसटू शकतो. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो.

दारूकडे मात्र मी जास्त लक्ष देईन. दाता खूप पिणारा असेल तर पहिल्या ७२ तासांत नवं फुफ्फुस नीट काम न करण्याचा धोका वाढतो, असं काही अभ्यासांत दिसलंय.

आणि हेही विचारून घ्या: आज 'हो' लिहिलं तरी प्रत्यक्ष फुफ्फुस आल्यावर नकार देता येतो का, आणि दिला तर यादीतल्या नंबरावर परिणाम होतो का?