तत्त्वज्ञान असलेला गेम चित्रप्रदर्शनात ठेवायचा का?

सात_रस्ता (धागा सुरू करणारा)

सोलापुरात चित्र-शिल्पांचं प्रदर्शन भरवताना एका कोपऱ्यात व्हिडिओ गेमही ठेवावेत, असा विषय निघालाय. त्यासाठी जी यादी फिरतेय तिचा निकष एकच दिसतो: गेममध्ये तत्त्वज्ञान आहे ना, मग ती कला. हे पटत नाही. तत्त्वज्ञान तर कॅलेंडरच्या पानामागेही छापलेलं असतं.

विचार पात्रांच्या तोंडी आहे की नियमांत, ते बघा. दोन उदाहरणं देतो. पुढे रहस्यभेद आहे.

बायोशॉक, २००७. समुद्राच्या तळाशी शहर, टोकाच्या व्यक्तिवादाची चिरफाड, भिंतीभिंतीवर घोषणा. लहान मुलींना वाचवायचं की पिळून घ्यायचं, हा त्यातला गाजलेला नैतिक पेच. आता हिशेब करा. एकीला पिळलं तर १६० ॲडम (खेळातल्या शक्ती विकत घ्यायचं चलन) मिळतं, वाचवलं तर ८०. पण तिघी वाचवल्या की २०० ॲडमची भेट येते. म्हणजे तिघींमागे ४८० विरुद्ध ४४०, शिवाय भेटीत इतर चीजवस्तू. पुण्याची किंमत चाळीस! आणि ‘तू नुसता हुकमाचा ताबेदार होतास’ हा मोठा उलगडा होतो, तेव्हा खेळणाऱ्याच्या हातातलं नियंत्रणच काढून घेतात. विचार सांगायला खेळ थांबवावा लागला. त्यानंतरही आपण पडद्यावरच्या बाणामागे मुकाट चालतोच.

पेपर्स, प्लीज, २०१३, लुकस पोप. तुम्ही सीमेवरचे तपासनीस. माणसामागे ५ मिळतात, त्यातूनच भाडं, जेवण, घर गरम ठेवणं. दिवसाच्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड. पाचव्या दिवशी एक नवरा येतो, कागद चोख. त्याच्या मागे बायको, तिच्याकडे प्रवेश-परवाना नाही. सोडलं तर चूक तुमच्या नावावर. आता त्या दोन फुकट चुकांनी काय होतं बघा: खेळणारा दया शिल्लक टाकायला लागतो. ‘आज एक चूक बाकी आहे, हिला सोडता येईल.’ दया शिलकीत मोजणारा कारकून आपल्यातच तयार होतो आणि एकही पात्र त्यावर अवाक्षर बोलत नाही. याला कला म्हणा. बायोशॉक म्हणजे देखणा मांडव.

रसविघ्न

वर्णन झकास, निष्कर्ष उलटा.

काश्मिरी काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताने रसाची, म्हणजे कलेच्या आस्वादाची, सात विघ्नं सांगितलीत. त्यातलं एक निजसुखादिविवशीभाव, म्हणजे स्वतःच्या सुखदुःखातच गुरफटून जाणं. हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक बघणाऱ्याला रंगमंचावरचा शोक ‘माझा’ही वाटत नाही आणि ‘त्या परक्याचा’ही वाटत नाही. तो सर्वांचा होतो, म्हणून चाखता येतो. साधारणीकरण ते हेच. तुमच्या तपासनिसाच्या खेळात मजुरी माझी, आजारी पोर माझं, घड्याळ माझ्या डोक्यावर. खेळणाऱ्याची घालमेल खरी आहे यात शंका नाही. पण खरी आहे म्हणूनच तो रस नव्हे. खरी धडधड देईल ती कला, असं धरलं तर आयकराची नोटीस महाकाव्य ठरेल.

आणि हे ‘तत्त्वज्ञान नियमात असतं’ म्हणजे नेमकं कुठे? सापशिडी घ्या. मूळचा मोक्षपट. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानदेवांना देते. काही पट ७२ घरांचे, जैन पट ८४ घरांचे. सापाच्या तोंडी दुर्गुण, शिडीच्या पायथ्याशी सद्गुण, शेवटी मोक्ष. पुढे इंग्लंडात गेला आणि तिथून आपल्याकडे परत आला, तेव्हा घरांवर उरले १ ते १०० आकडे. पोरं तेवढ्याच आनंदाने खेळतात! नावं पुसली, तत्त्वज्ञान गेलं, खेळ तसूभरही बिघडला नाही. मग तत्त्वज्ञान खेळात होतंच कुठे? ते पाट्यांवर होतं.

कंबर_तलाव

इबर्टची आठवण झाली. चित्रपट-समीक्षक रॉजर इबर्ट २०१० मध्ये ‘गेम कधीच कला होणार नाही’ म्हणाला, आणि त्याच वर्षी ‘अनुभव न घेता बोलायला नको होतं’ हेही कबूल केलं. मत मात्र सोडलं नाही. इथे निदान खेळून बोलणारे लोक आहेत.

निअर ऑटोमाटा हा गेम यादीतून राहूनच गेला की. शेवटचा ‘ई’ शेवट: श्रेयनामावलीतली नावंच गोळ्या झाडत अंगावर येतात, एकट्याने पार होणं जवळपास अशक्य. अनोळखी खेळाडूंची मदत येते तेव्हा निभावतं. मग विचारतात, तूही कोणा अनोळखीला मदत करशील? त्याची किंमत म्हणून तुझा आजवरचा सगळा जतन केलेला खेळ पुसला जाईल. होय म्हटलं की खरंच पुसतात. साधारणीकरण नाही, मान्य. पण हा परिणाम दुसरी कोणती कला देईल?

रसविघ्न

कुठलीच नाही, कारण ते दान आहे. दान मोठंच, पण दानाला कोणी काव्य म्हणत नाही.

जेकार्ड_कार्ड

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ च्या शेवटी १४ गेम संग्रहात घेतले, हा दाखला हमखास देतात. पण ते घेतले वास्तुकला आणि डिझाईन विभागाने. म्हणजे चित्रांच्या दालनात नव्हे, तर खुर्च्या-दिव्यांच्या पंगतीत. त्यात गैर काही नाही. सोलापुरी चादरीवरचा मोर जेकार्ड मागाच्या कार्डांवरच्या भोकांतून उमटतो; कोणतं भोक कुठे पाडायचं हे ठरवणाऱ्याचं कसब अचाट असतं. त्याला कारागिरी म्हटल्याने कमीपणा येत नाही. गेमवाल्यांनाच ‘कला’ हा शिक्का एवढा का हवाय, कळत नाही.

पुण्यात बनलेला राजी (२०२०) यादीत कोणी घातला? देखणा आहे, छायाबाहुल्यांची दृश्यं सुरेख. पण हातात काय, तर उड्या आणि मारामारी. सात_रस्ता यांच्याच कसोटीवर बाद.

सात_रस्ता

राजीबद्दल मान्य, काढू.

@रसविघ्न, मोक्षपटाचा मुद्दा जोरदार आहे, पण अर्धाच. नावं पुसल्यावरही काहीतरी उरतं. दान पडेल तसं चालायचं, निवड करायला जागाच नाही. ९९ वरूनही घसरता येतं, आणि चढल्याचं श्रेय कोणाचंच नाही. प्रारब्धाची एवढी नेमकी मांडणी आकड्यांच्या पटातही शाबूत आहे. ती कोणाला दिसत नाही, कारण बघायला सांगणाऱ्या पाट्या गेल्या. कवितेतले अर्थ पुसून नुसतं वृत्त ठेवलं तर तीही कविता राहत नाही. म्हणून कोणी कविता फक्त अर्थात होती म्हणतं का? पाटी आणि नियम एकमेकांना घट्ट धरून असले की झालं.

पॅसेज बघा. जेसन रोहरर, २००७. पाच मिनिटांचा गेम, चित्र १०० गुणिले १६ ठिपके, एवढंच. वाटेत बाई भेटते. तिला स्पर्श केला की कायमची सोबत. पुढे जाण्याचे गुण दुप्पट होतात, पण दोघांची जोडी अरुंद फटींतून जात नाही, त्यामुळे खजिन्याच्या काही पेट्या कायमच्या हुकतात. शेवटाकडे ती आधी मरते, मागे थडगं, आणि तुमची चाल मंदावते. पाच मिनिटं झाली की तुम्हीही. सगळे ठिपके राखाडी चौकोन केले तरी ‘जोडीने रुंद होणं’ उरतंच.

पत्रा_तालीम

वाद चालू द्या मालक, पण मांडायचं कसं ते कोणीच बोलेना. प्रदर्शनात गेम फसतो तो इथे.

पॅसेज सार्वजनिक मालकीचा आहे, परवानगीचा प्रश्न नाही. अक्षर वाचावं लागत नाही, म्हणजे मराठी, कानडी, तेलुगू सगळ्यांना चालतो. १९२० रुंदीच्या पडद्यावर बरोबर १९ पट करा: १९०० गुणिले ३०४. पूर्ण पडदाभर ताणला की ठिपके उभट होतात आणि कडा पुसट. मोठा करताना गुळगुळीतपणा बंदच ठेवा. बदलाबदलीसकट माणशी सहा मिनिटं धरा, तासाला दहा जण. आठ तास आणि दोन यंत्रं म्हणजे दिवसाला १६०. एका यंत्रावर भागवाल तर रांग वैतागून निघून जाईल.

पेपर्स, प्लीज अवघड आहे. पाचव्या दिवसाची जतन केलेली प्रत उघडून बसवलं तर नवा माणूस फसतो, कारण पहिले चार दिवस नियम शिकवण्यात जातात. अडाणीपणातच दोन्ही ताकिदी संपतात, आणि ती बायको येते तेव्हा दया शिल्लकच नसते. मग सात_रस्ता म्हणतात तो पेच घडणारच नाही. एक तर पहिल्या दिवसापासून बसवा, म्हणजे तासभर खुर्ची अडली; नाहीतर नियमांचा एक कागद मराठीत छापून शेजारी ठेवा आणि एक माहीतगार उभा करा. प्रत्येक माणसानंतर तीच पाचव्या दिवसाची प्रत पुन्हा उघडायची, चुकून पुढचा दिवस सुरू ठेवायचा नाही. सार्वजनिक ठिकाणी दाखवायला निर्मात्याची लेखी परवानगी आधी मागवा.

निअर ठेवूच नका. त्या शेवटाला किंमत येते ती कित्येक तास खेळल्यावर. आयता शेवट दाखवणं म्हणजे तेराव्याचं जेवण वाढून मयत कोण ते न सांगणं.

सगळं इंटरनेटशिवाय चालतंय ना, ते आदल्या दिवशी तपासा. यंत्रामागे एक यूपीएस हवाच. पॅसेजच्या चौथ्या मिनिटाला लाइट गेली तर तो माणूस परत बसत नाही.

जेकार्ड_कार्ड

हे ठीक आहे. फक्त वरच्या फलकावर ‘उपयोजित कला’ लिहा, मग विरोध नाही.

सात_रस्ता

फलकावर गेमचं नाव, करणाऱ्याचं नाव आणि साल. बाकी काही नको. @रसविघ्न, एक विचारायचं राहिलं. गाणारा स्वतः कर्ता असतो, मग बंदिश कला कशी?

रसविघ्न

याचंही उत्तर अभिनवगुप्ताने दिलंय. रस नटाच्या ठिकाणी नसतो. नट हा आस्वादाचा उपाय, म्हणून तर त्याला ‘पात्र’ म्हणतात. भांड्याला मद्याची चव लागत नाही. गायकालाही तेच लावा.

त्यावरून सुचतंय: खेळणाऱ्याच्या मागे एक बाकडं टाका. खेळणारा झाला पात्र, बाकड्यावरचे रसिक. कोणा अनोळखी माणसाने बायकोला सोबत घेतलं की टाळलं, फटीपाशी अडखळला की नाही, हे मागून बघणाऱ्याला स्वतःचा हिशेब नसतो. तिथे रस संभवतो, एवढं मी देतो.

पत्रा_तालीम

बाकडं टाकायचं तर ३०४ ठिपक्यांची पट्टी मागून दिसणार नाही. प्रोजेक्टर लावा, खेळणाऱ्याला एका बाजूला बसवा, म्हणजे त्याची सावली पट्टीवर पडणार नाही. खिडक्यांना जाड पडदे लागतील, दुपारच्या उजेडात काही दिसत नाही.