मदत हवी आहे: एफ प्लाझमिडच्या हस्तांतरणात ट्राआय प्रथिनाचा रेणू एक की दोन?

नमस्कार मंडळी. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ई. कोलायचं कॉन्ज्युगेशन (एका जिवाणूने दुसऱ्याला थेट संपर्कातून डीएनए देणं; इथे तो डीएनए म्हणजे एफ प्लाझमिड, गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं वर्तुळ) शिकवताना एका विद्यार्थिनीने शंका काढली आणि मी तिथेच अडले आहे.

आधी पक्कं ते मांडते. प्लाझमिडवर ओरिटी या, हस्तांतरण जिथून सुरू होतं त्या जागी आयएचएफ आणि ट्रावाय ही प्रथिनं डीएनएला बाक देतात, ट्राएम हे प्रथिनही तिथेच बसतं, आणि ट्राआय एका धाग्याला छेद देतं. छेद देताना त्याचं १६ क्रमांकाचं टायरोसीन धाग्याच्या ५′ टोकाशी सहसंयुज बंधाने जोडलं जातं. डीएनए पेशीबाहेर पाठवणाऱ्या स्रावयंत्रणेच्या दाराशी ट्राडी हे प्रथिन असतं; ट्राएम त्याच्या शेपटीला धरतं, म्हणून हे सगळं संकुल त्या दाराशी पोचतं. मग टोकाला चिकटलेलं ट्राआय आधी ग्राही (डीएनए घेणाऱ्या) पेशीत शिरतं आणि धागा त्याच्या मागून जातो.

विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हेलिकेजही तेच ना? ते पलीकडे गेलं, तर दात्यातला डीएनए उलगडतं कोण?" हेलिकेज म्हणजे डीएनएचे दोन धागे उलगडणारं विकर, तेव्हा शंका अगदी रास्त आहे. १,७५६ अमिनो आम्लांच्या या एकाच प्रथिनात छेद देणारा भाग आणि हेलिकेज दोन्ही आहेत, आणि उलगडायच्या असतात सुमारे १ लाख बेसजोड्या. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत मात्र ट्राआयचा एकच गोळा!

२०१७ मध्ये ट्राआयची रचना प्रसिद्ध झाली. हेलिकेजच्या रूपात ते एकेरी धाग्याला वेढून बंद झालेलं दिसतं. छेद देणारं रूप उघडं असतं. म्हणजे एकाच वेळी दोन रेणू कामाला लागत असावेत. हे मला पटतं, पण पुढचं जुळत नाही.

वेढा घालायला एकेरी धागा मोकळा हवा. छेदाआधी तो कुठून मिळतो? आयएचएफ आणि ट्रावायच्या बाकामुळे तिथल्या जोड्या सुटतात, एवढं पुरतं का?

दुसरं, शेवटी टोकं जुळवून वर्तुळ कोण पूर्ण करतं? आर३८८ या दुसऱ्या प्लाझमिडचं ट्रडब्ल्यूसी हे ट्राआयसारखंच प्रथिन ग्राही पेशीत गेल्यावरही काम करतं असं प्रयोगांत दिसलं आहे. एफच्या ट्राआयवर असं थेट काम कुणाच्या वाचनात आहे का?

आर१, आर१०० ही प्रतिजैविकरोध पसरवणारी प्लाझमिडंही याच कुळातली, म्हणून वर्गात हे अर्धवट सोडायचं नाही. प्रयोगशाळेत यावर काम केलेल्यांनी कृपया लिहा. दोन रेणू दाखवणारी आकृती असेल तर फारच बरं.