मित्राची बीएमडब्ल्यू घ्यावी का? (सुताची उधारी अडकलेली आहे)

सूतवाला_अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, एरवी मी शेंगा चटणीच्या धाग्यावर भांडत असतो.

माझा सुताचा व्यापार आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांना माल देतो. त्यातला एक शाळेपासूनचा मित्र. घर पूर्व भागात. त्यांच्या घरी तेलुगू, आमच्या घरी मराठी आणि आम्हा दोघांची तिसरीच. त्याच्याकडे 2014 ची बीएमडब्ल्यू 320डी आहे. पांढरी, पहिल्यापासून एमएच-13, एकच मालक, 92 हजार किलोमीटर. नवी घेतली तेव्हा चाळीस लाखांच्या घरात गेली होती. सिद्धेश्वराच्या देवळापाशी पूजा केली तेव्हा नारळ मीच फोडला होता.

गेलं वर्ष त्याला फार जड गेलं. अर्धे लूम बंद आहेत. माझे 3 लाख 40 हजार दिवाळीपासून त्याच्याकडे थकलेत. मी विषय काढला नाही, त्यानेही नाही. मागच्या आठवड्यात सात रस्त्यावर चहा पिताना तोच म्हणाला, "गाडी तू घे. साडेनऊ लाख धर, तुझे वळते करून घे, वरचे सहा लाख दहा हजार दे."

माझ्याकडे 2016 ची स्विफ्ट. महिन्यातून दोनदा पुणे, एकदा इचलकरंजी. पैसे तयार नाहीत, पण जमतील. आणि खरं सांगायचं तर गाडी मला हवीय. एकदा रात्री पुण्याहून येताना टेंभुर्णीपासून पुढे त्याने मला चालवायला दिली होती. रस्ता अशी धरून बसते की विचारू नका. तेव्हापासून स्विफ्टचं दार लावलं की बिस्किटाचा डबा लावल्यासारखं वाटतं.

आता अडचण. सगळे म्हणतात, तपासून घे. पण जो माणूस उधारी फेडायला दारातली गाडी काढून देतोय, त्याला "आधी मेकॅनिकला दाखवतो" कसं म्हणू? तो खोटं बोलणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. भाव करायलाही जीभ वळत नाही. नको म्हणालो तर त्याला वाटेल, याला रोख पैसेच हवेत. सौ.ने एकच विचारलं, "तुम्ही गाडी घेताय की वसुली करताय?" तीन दिवस झाले, उत्तर सुचलेलं नाही.

बाळीवेस_बॉय

घेऊन टाका की ओ मालक! साडेनऊ लाखांत हल्ली साधी गाडीबी धड मिळत नाही, हे तर बीएमडब्ल्यू हाय. फक्त गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत गावात आणू नका, बंपर घरी पोत्यात घालून न्यावा लागंल.

पाना_नंबर_तेरा

बाळीवेसवाल्यांचं ऐकू नका. मी नऊ वर्षं पुण्यात जर्मन गाड्यांवरच काम केलंय, आता होटगी रोडला स्वतःचं गॅरेज आहे.

मित्र खोटं बोलणार नाही, मान्य. पण खोटं न बोलायला आधी खरं माहीत तर पाहिजे. तो गाडी चालवतो, उघडत नाही. पोटात काय चाललंय ते त्याला तुमच्याइतकंच ठाऊक.

2014 ची 320डी म्हणजे एन47 इंजिन. याची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. इतर गाड्यांत पुढचं कव्हर काढलं की चेन हाताशी येते, इथे गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. चेन स्वस्त, मजुरी महाग. हात घातला की लाखाच्या वरचं काम समजा. म्हणून ही गाडी सकाळी, रात्रभर बंद असताना बघायची. बोनेट उघडं ठेवून दुसऱ्याला स्टार्ट मारायला सांगा आणि तुम्ही काचेच्या बाजूला कान द्या. साखळी घासल्यासारखी खरखर आली तर तिथेच थांबा. पुष्कळ जण गाडी गरम करूनच दाखवतात. तुमचा मित्र मुद्दाम करणार नाही, पण कौतुकाने तुमच्या दारापर्यंत चालवत आणेल आणि व्हायचं तेच होईल.

दुसरं, गिअरबॉक्सचं तेल. कंपनी सांगते आयुष्यभर बदलायचं नाही. पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. 92 हजारांवर बदललंय का, विचारा. बहुधा नसेल.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 3219 म्हणजे 2019 चा बत्तिसावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी आपल्या 43 अंशांच्या उन्हात रबर कडक होऊन जातं, पाण्याच्या पायपाही तशाच. त्यात गाडी टॉवेलच्या कारखान्यात उभी असते, म्हणजे रेडिएटरवर बारीक कापसाची गादी बसलेली असणार. माझ्याकडे अशी एक आली होती, हवाच जात नव्हती आत. बॅटरी बदललीय का तेही विचारा. या गाडीत नवी बॅटरी कॉम्प्युटरला कळवावी लागते, नाहीतर ती जुनी समजूनच चार्ज होत राहते आणि लवकर मरते.

साडेनऊ लाख हा भाव माझ्या मते दोस्तीचा नाही, बाजाराचाच आहे. पहिल्या वर्षासाठी दीड लाख वेगळे काढून ठेवता येत नसतील तर स्विफ्टच बरी.

विमावाली_ताई

माहेर सोलापूर, नोकरी विमा कंपनीत. सूतवाले दादा, कागदांचं मी सांगते.

आधी परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून बँकेचा बोजा आहे का ते बघा. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरला असेल असं धरू नका. फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र आरटीओत द्यायचं राहून गेलेली माणसं मी रोज बघते. मग विक्रीचे फॉर्म 29 आणि 30. गाडी 2019 च्या आधीची आहे, तेव्हा नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट (एचएसआरपी) बसवलीय का तेही पाहा. नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2029 ला नूतनीकरण तुमच्याच गळ्यात.

विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या. तोवर थर्ड पार्टी चालू राहतो, पण गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर अडकाल. त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. आणि "नावावर करू की निवांत" असं मित्राला अजिबात करू देऊ नका, ते त्याच्याच अंगाशी येतं. 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की नोंदणीत ज्याचं नाव, भरपाईला जबाबदार तोच.

वळतं करू नका. तुम्ही गाडीचे पूर्ण पैसे बँकेतून द्या, त्याने सुताचे बँकेतून द्यावेत. दोन व्यवहार, दोन कागद. सौ.च्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मन राखायचं असेल तर "विमा कंपनी तपासणी मागते" असं सांगून टाका.

पाना_नंबर_तेरा

ताई, बाकी सगळं पटलं, पण हा बहाणा नको. गॅरेजमध्ये काही निघालं तर तेही विमा कंपनीच्या नावावर सांगणार का?

सूतवाला_अक्कलकोट_रोड

सगळ्यांचे आभार. झालं ते सांगतो.

रविवारी सकाळी त्याच्या घरी गेलो. बहाणाच करणार होतो, ताई, वाक्यही पाठ होतं. पण त्याची आई समोर येऊन बसली आणि जमेना. शेवटी म्हणालो, "गाडी एकदा दाखवून घेऊ का?" त्याने किल्ली माझ्याकडे सरकवली. "कालपासून चालू केलेली नाही. थंड आहे."

मी या धाग्याबद्दल त्याला एक अक्षर बोललो नव्हतो. इथे वाचतो वाटतं. वाचत असशील तर, अरे, बिस्किटाच्या डब्याचं घरी सांगू नकोस, स्विफ्ट सौ.च्या पसंतीची आहे.

त्याने स्टार्ट मारला, मी कान लावला. मला तरी खरखर ऐकू आली नाही, पण माझा कान लूमच्या खडखडाटात गेलेला आहे, त्यावर विसंबू नये. गिअरचं तेल कधीच बदललेलं नाही. टायर 2018 चे. रेडिएटरवर कापूस होता, पाना दादा, अगदी तुम्ही म्हणालात तसाच. आणि बोजा ॲपवर अजून दिसतोय! कर्ज त्याने 2019 मध्येच फेडलंय. त्यालाच धक्का बसला, तासभर कपाटात बँकेचं पत्र शोधत होता. सापडलं नाही. आज बँकेत गेलाय.

भावाचं मी काढलं नाही. तोच म्हणाला, टायर आणि तेल माझ्याकडून. सुताचे पैसे वळते करायचे नाहीत हे मात्र मी स्पष्ट सांगितलं. सहा हप्ते ठरले, गाडी घेतली तरी आणि नाही घेतली तरी. त्यावर तो जरा वेळ गप्प होता, मग त्याने चहा मागवला.

पाना दादा, बुधवारी तुमच्याकडे आणतो. आदल्या रात्रीच आणून लावली तर चालेल का? सकाळपर्यंत थंड राहायला हवी ना.