जॉली बॉयला जाऊन दिवस फुकट जातो म्हणे!

खारा_वारा: काल इथे एकाने लिहिलंय, 'अंदमानात जॉली बॉय बेटावर जाऊ नका, बाटल्यांची झडती देऊन बघायचं काय तर मेलेलं कोरल (प्रवाळ), सरळ हॅवलॉक बेट गाठा.' डोकंच फिरलं. अहो ते १९८३ पासूनचं मरीन नॅशनल पार्क आहे, वॉटर पार्क नव्हे! १५ बेटं, त्यातली आपल्यासाठी उघडी जॉली बॉय आणि रेड स्किन, तीही आलटून पालटून, म्हणजे एकाला तरी उसंत मिळते. वंडूरला, बोट सुटते तिथे, प्लास्टिकच्या बाटल्या मोजून डिपॉझिट घेतात, परत येताना दाखवल्या की पैसे परत. एवढ्याने कुणाची इज्जत जाते?

बॅकपॅक_बंड्या: ते लिहिणारा मीच. पोराच्या हातातलं बिस्किटाचं पाकीट काढून ठेवायला लावलं आणि बोट मात्र भकाभका धूर सोडत निघाली, ते चालतं. काचेच्या तळातून बोटवाला 'ब्रेन कोरल, ब्रेन कोरल' ओरडतोय, म्हणे मेंदूसारखं दिसतं, मला शिळा फ्लॉवर दिसला.

पाणबुड्या: भडक फोटो बघून गेलात ना? ते लाइट मारून काढलेले असतात, पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी गायब होतो. आणि कोरलच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, अन्न नि रंग त्याचाच, पाणी तापलं की कोरल ते बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. २०१० ला अंदमानात हेच झालं. पांढरं म्हणजे लगेच मेलं असं नाही, पाणी वेळेत थंड झालं तर सावरतं. त्यात आपली माणसं लाइफ जॅकेट घालून त्यावरच उभी राहतात, वर फोटो!

माई_कुलकर्णी: नियम नियम काय, आमच्या जाऊबाईंनी वाळूत पडलेला, मेलेला, बोटाएवढा तुकडा ओढणीत बांधून आणला तर विमानतळावर बॅग उपसून काढली. चोर असल्यासारखं. मेलेलंच होतं ना?

खारा_वारा: माई, कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या शेड्यूलमध्ये आहे, वाघाच्या पंगतीत. मेलेलं-जिवंत काही नाही, उचलायचंच नाही.

माई_कुलकर्णी: बोटाएवढ्या तुकड्याला वाघ म्हणायचं!! मग ती वाळू पायाला चिकटून येते त्याचं काय?

पाणबुड्या: गंमत म्हणजे ती पांढरी वाळू त्याच तुकड्यांचा चुरा आहे, आणि त्यातली बरीचशी पॅरटफिशने कोरल कुरतडून मागच्या दाराने काढलेली. प्रत्येकाने एक एक तुकडा नेला तर किनारा कशाचा होणार?

माई_कुलकर्णी: म्हणजे आम्ही माशाच्या शीवर चटई टाकून बसलो होतो, छान. आणि प्रत्येकजण कशाला नेईल, जाऊबाईंनी नेला. तुमच्या घरी शोकेसमध्ये शंख नाही? खरं सांगा.

खारा_वारा: शंखाचा काय संबंध? विषय बदलू नका.

माई_कुलकर्णी: आहे तर!

बॅकपॅक_बंड्या: तुमचं शोकेस आवरा आधी. बरं बाबा, बाटल्यांचं मान्य, बेटावर खरंच एक रॅपर दिसलं नाही, फॉरेस्टवाल्यांना साष्टांग. पण पार्क सोमवारी बंद असतं हे तुम्ही ज्ञानी लोक कुठेच लिहीत नाही, आम्ही टॅक्सी करून वंडूरपर्यंत जाऊन परत आलो. ते आधी लिहा, मग आमची अक्कल काढा.