रविवारी ओंकारेश्वर, आणि इनोव्हाचं स्टीयरिंग जड

ए-३०२: काका, एक विचारायचं होतं. आमच्या जुन्या इनोव्हाचं स्टीयरिंग जड लागतंय. पार्किंगमध्ये शेवटपर्यंत वळवलं की बॉनेटखालून घूंऽऽ आवाज येतो. गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगितलं, रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडाच, बदला. रविवारी आई-बाबांना ओंकारेश्वरला न्यायचंय.

बी-१०४ काका: रॅकचं नंतर. पुढच्या टायरांत हवा किती आहे?

ए-३०२: कालच भरली, बरोबर आहे.

बी-१०४ काका: मग बॉनेट उघड. तुझं पॉवर स्टीयरिंग हायड्रॉलिक आहे, पंप आणि तेलावर चालणारं. तेलाच्या डबीवरची खूण बघ. असा आवाज बहुतेक वेळा तेल कमी होऊन पंपात हवा शिरली की येतो. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाल. ब्रेक ऑइल मुळीच नको, सील खराब होतात. पण नुसतं तेल घालून मोकळा होऊ नकोस रे. हे तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. कमी झालंय म्हणजे कुठूनतरी गळतंयच.

ए-३०२: फोटो टाकला. खालच्या खुणेच्याही खाली गेलंय.

बी-१०४ काका: आता रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून बघ. आत तेल लागलं तर सील गेला, गॅरेजवाला बरोबर. कोरडे असतील तर पाइपांचे जोड तपास.

सी-२०१ ताई: काका, आमच्या अर्टिगातही सकाळी कधीकधी स्टीयरिंगचा दिवा लागतो आणि ते जड होतं. आम्हीही तेल बघू का?

बी-१०४ काका: नाही ताई, अर्टिगात तेल नसतं, इलेक्ट्रिक मोटर असते. आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल तपासून घ्या. बॅटरी कमजोर झाली की मोटरला पुरेसा करंट मिळत नाही. तरी दिवा लागला तर स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या. नुसता कोड उडवून देणाऱ्याकडे नको.

ए-३०२: काका, बूट कोरडे! तेल डबीत परत आणणाऱ्या रिटर्न पाइपच्या क्लॅम्पपाशी ओल आहे, धूळ बसून काळा थर झालाय.

सी-२०१ ताई: बरं झालं वाकून बघितलंत!

बी-१०४ काका: वा! क्लॅम्प बदल, पाइप कडक झाला असेल तर तोही. त्याच वेळी टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकाशी जोडणारा सांधा, बघून घे. इंजिन बंद ठेवून कुणालातरी स्टीयरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांग, तू खालून जोडावर बोट ठेव. कट्-कट् जाणवलं तर एंड बदलायचाच, आणि नंतर अलाइनमेंट. तो जोड निखळला तर चाक स्टीयरिंगचं ऐकत नाही. ओंकारेश्वरच्या वाटेवर सिमरोलच्या पुढे भेरूघाट आहे, विसरू नकोस.

सी-४०३: काका, उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली तर डिझेल वाचतं म्हणतात, ते?

बी-१०४ काका: अजिबात नाही! इंजिन बंद झालं की या गाडीचा पंप थांबतो, स्टीयरिंग जड होतं. चारदोनदा दाबल्यावर ब्रेकही दगड होतो. चावी फिरवून काढली तर स्टीयरिंग लॉकच होईल. घाटात गाडी गिअरमध्येच उतरवायची.

ए-३०२: शनिवारी सकाळी क्लॅम्प आणि टाय रॉड, दोन्ही करून घेतो. संध्याकाळी बायपासवर चक्कर मारून तेल पुन्हा बघतो.

बी-१०४ काका: खुणेखाली गेलं तर रविवारी टॅक्सी कर. आई-बाबा बरोबर आहेत.